आधी जेव, मग बोल

लालबागच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, ती आता उरलेली नाही. चिवडा गल्लीपासून हाकेच्या अंतरावर ती उभी होती. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर खोल्या, मधून लांबच लांब गॅलरी आणि टोकाला सामाईक नळ. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की सारी चाळ एकदम जागी होई. माझे वडील सावंतवाडीकडून आलेले, गिरणीत साचेखात्यात कामाला. त्या चाळीत आमची आणि आणखी एक अशी दोनच ख्रिस्ती कुटुंबे होती. नाताळात आमच्या दारावर कागदी तारा लागे, तो बांधायला शेजारची मुले येत. गणपतीत चौकातल्या मांडवात आम्ही भावंडे रात्रंदिवस असू. भिंती इतक्या पातळ, की शेजारच्या घरची फोडणी आमच्या घरात ठसके आणी. कोणाचे काही कोणापासून लपत नसे, असे आज आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु ते पूर्ण सत्य नाही. जे ऐकू येई, ते न ऐकण्याची विद्याही त्या चाळीने आम्हाला शिकवली होती.

जिन्याजवळच्या खोलीत मावशींची खाणावळ होती. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हत. सारी चाळच त्यांना मावशी म्हणे. सातारकडच्या, उंच हाडापेराच्या, बोलणे ठसकेबाज. गावी बायकामुले ठेवून मुंबईत एकटे राहणारे बारा गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. पाळीनुसार माणसे येत, त्यामुळे चूल दिवसभर विझत नसे. भाकरी थापता थापता त्या दाराकडे बघत आणि पायरीवर सावली पडली की म्हणत, "ये रे बाबा, आधी जेव, मग बोल." एखादा गडी आजारी असेल तर त्याच्या खोलीवर पेज पोहोचे.

या धंद्याचे गणित मात्र मोठे क्रूर होते. गडी पैसे देणार पगार झाल्यावर, आणि तांदूळ, रॉकेल, तेल तर रोज लागणार. वाण्याची उधारी थकली की सावकाराकडे जावे लागे. तो भांडी किंवा डोरले ठेवून घेई आणि व्याज असे लावी, की मुद्दल जागच्या जागी राही. पगाराच्या दिवशी गड्यांनी हातावर ठेवलेले पैसे मावशींच्या हातात एक रात्र टिकत. दुसऱ्या दिवशी त्यांचा नवरा ते मागे. नाही म्हटले तर रात्री त्या खोलीचे दार लागे.

आमची भिंत त्या खोलीला लागून होती. दार लागले की आई रेडिओचा आवाज वाढवी. रेडिओ बंद होण्याची वेळ झालेली असेल तर वडील आल्तारासमोर गुडघे टेकत आणि आम्हा भावंडांना जवळ बोलावत. त्या रात्री आमच्या घरची जपमाळ नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात होई. ते वडील दुष्ट नव्हते, वाचकहो. साधे, श्रद्धाळू, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारे गृहस्थ होते. "नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये," हे ते सज्जनपणाचे लक्षण मानत. मीही तसेच मानत होते. सकाळी मावशी सुजलेल्या डोळ्याने नळावर येत. बायका त्यांना पुढे जागा देत आणि दुसरीकडे पाहत. बारा परक्या माणसांना रोज जेवलास का म्हणून विचारणाऱ्या त्या बाईला, काय झाले, म्हणून विचारणारे आमच्या साठ बिऱ्हाडांत कोणी नव्हते.

१९७५ साली मी पंधरा वर्षांची होते. त्या वर्षी खाणावळवाल्या बायकांची एक संघटना उभी राहत असल्याची बोलवा गिरणगावात पसरली. तिचे नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. ते उभे करणाऱ्या प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्या. कोवळ्या वयात गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत वाढलेल्या. गिरणी कामगारांच्या सभा, मोर्चे, संप यांत वर्षे काढल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की ज्या बायकांच्या भाकरीवर हा कामगार उभा आहे, त्यांची नोंद कोठेच नाही. त्या कामगार नाहीत, व्यापारी नाहीत, घरधनीही नाहीत. बँक त्यांना ओळखत नाही आणि सावकार मात्र नावानिशी ओळखतो. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते, आणि दुर्बलांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही आली होती. प्रेमाताईंनी या दोन गोष्टींची सांगड घातली. पहिल्या चौदा बायकांना बँकेचे कर्ज मिळाले. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. त्या चौदांतून पुढे हजारो झाल्या. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तो आपल्याच घरचा मान वाटला.

मावशी मंडळाच्या सभेला गेल्या त्या एका शेजारणीने ओढून नेले म्हणून. परत आल्या तेव्हा हातात काहीच नव्हते, पण चेहरा निराळा होता. काही महिन्यांनी त्यांचे कर्ज झाले. बँकेचे पासबुक त्यांनी आईला आणून दाखवले. स्वतःचे नाव त्यांना वाचता येत नव्हते. ते मी वाचून दाखवले. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावले.

पगाराचा दिवस आला. नवऱ्याने पैसे मागितले. पैसे बँकेचे आहेत, असे मावशींनी सांगितले. रात्री दार लागले. आईचा हात रेडिओकडे गेला आणि तेवढ्यात गॅलरीत पावले वाजली. मंडळाच्या सहा बायका आल्या होत्या. त्यांनी दार ठोठावले नाही, शिवीगाळ केली नाही. त्या दारासमोर पदर खोचून खाली बसल्या, मध्ये सूप ठेवले आणि लसूण सोलू लागल्या. आपसांत डाळीच्या भावाविषयी बोलत होत्या. आतला आवाज थांबला. बऱ्याच वेळाने दार उघडून तो बाहेर आला. एक बाई म्हणाली, "भाऊजी, बसा, आम्ही हाय सकाळपर्यंत." तो जिना उतरून गेला. बायका खरोखरच पहाटेपर्यंत बसल्या, आणि शेवटी शेवटी माझी आईही त्यांच्यात जाऊन बसली. आमच्या घरात जपमाळ त्या रात्रीही झाली, पण हलक्या आवाजात.

मार त्या एका रात्रीत बंद झाला, असे मी लिहिणार नाही. तो कमी होत गेला, पुन्हा उसळला, पुन्हा बायका येऊन बसल्या. मला कळले ते एवढेच, की मारणाऱ्याचे बळ त्याच्या हातात जितके असते, त्याहून अधिक ते आमच्या लावलेल्या दारांत असते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात बहुधा शोमरोन्याची स्तुती होते, आणि बाजूने निघून गेलेल्या याजकाची व लेव्याची निंदा. त्या दाखल्यातल्या आणखी एका माणसाकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. जखमीला रोज भरवणे, पट्ट्या बदलणे, रात्री उठून बघणे हे मागे राहणाऱ्याच्या वाट्याला आले. त्याचे नाव नाही आणि त्याच्यावर प्रवचनही नाही. मावशींची आठवण झाली की मला तो खाणावळवाला आठवतो. आमच्या गॅलरीतून बाजूने जाणारे लोक कोण होते, हे सांगायची गरज नाही.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. दीड वर्ष, दोन वर्षे गेली. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले आणि पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. गडी गावी निघून गेले. राहिले त्यांना मावशींनी उधारीवर जेवू घातले. त्या काळात आमच्या चाळीत बंद दारांची संख्या वाढली. नोकरी गमावलेला पुरुष आपला राग कोठे काढतो, हे भिंतींना ठाऊक होते. मावशी आता मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या झाल्या होत्या. रात्रीअपरात्री कोणी बाई मुलाला कडेवर घेऊन आली, की तिला जिन्याजवळच्या खोलीत जागा असे.

आता मला माझ्याविषयी लिहिले पाहिजे. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

१९८८ साली मी शिक्षिका होते आणि धर्मग्रामातल्या महिला मंडळाची चिटणीस. मे महिन्यातल्या एका रविवारी, ख्रिस्तयाग आटोपल्यावर, एक तरुण विवाहिता माझ्यापाशी आली. तिच्या लग्नाच्या वेळी वेदीवरची फुले मीच लावली होती. त्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घातले होते. "टीचर, थोडं बोलायचं होतं," ती म्हणाली. तिने बाही जराशी वर केली आणि लगेच खाली ओढली. मी काय केले? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "धीर धर. लहान मूल आहे, त्याच्याकडे बघ. रोज जपमाळ म्हण, त्याचं मन पालटेल." तिने मान हलवली. मी घरी आले ती एक चांगले काम केल्याच्या समाधानात.

तीन आठवड्यांनी तिची बहीण रात्री माझ्याकडे धावत आली. तिला कानशिलावर इतके मारले होते, की कानातून रक्त येत होते. काय करावे हे मला सुचेना. एवढे शिक्षण, एवढी पदे, आणि पाय वळले ते जुन्या चाळीकडे. मावशींनी दार उघडले, तिला आत घेतले, मुलाला माझ्या हातात दिले आणि चुलीवर पातेले चढवले. "आधी चार घास खा, पोरी. मग बोल." ती जेवली आणि मग दोन तास बोलली. मावशींनी तिला का मारले असे विचारले नाही. तुझे काय चुकले असेही विचारले नाही. विचारले ते एवढेच: मूल काय खाते, कागदपत्रे कोठे आहेत, आज रात्री कोठे झोपायचे आहे, आणि उद्या तुला काय करावेसे वाटते. मी दाराशी उभी होते. ती झोपल्यावर मी मावशींना म्हणाले, की ही तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आगं, तू मास्तरीण. तिला जेवलीस का म्हणून तरी इचारायचं."

दुसऱ्या दिवशी मावशी तिला सरकारी इस्पितळात घेऊन गेल्या आणि डॉक्टरांकडून जखमेची नोंद करून घेतली. तेथून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयात. तेथे टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ पासून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवला होता. पोलिसांच्याच आवारात, परंतु खाकी गणवेशाखेरीज, समाजकार्य शिकलेल्या बाया पीडित स्त्रीचे ऐकून घेत. ही कल्पना पुढे महाराष्ट्रभर पसरली. बायकोच्या छळाला गुन्हा ठरवणारे ४९८ अ हे कलम १९८३ सालीच भारतीय दंडविधानात आले होते. मला, पदवीधर बाईला, त्याची वार्ता नव्हती. निरक्षर मावशींना कलमाचा आकडा पाठ होता.

त्या मुलीचा जीव वाचला, संसार निराळा झाला, मूल मोठे झाले. एका कानाने तिला आजही ऐकू येत नाही. ती मला कधी काही बोलली नाही. रविवारी चर्चमध्ये ती माझ्या उजवीकडे बसते, कारण डाव्या कानानेच तिला ऐकू येते. माझ्या त्या सल्ल्याची किंमत दर रविवारी मला शेजारी दिसते.

त्यानंतर मी वाचू लागले, चौकशा करू लागले. तेव्हा कळले, की आपल्याच समाजातल्या एका स्त्रीने हे सारे आधीच जगासमोर मांडले आहे. फ्लेविया ॲग्नेस या मंगळूरकडे वाढलेल्या कॅथलिक स्त्रीने लग्नात वर्षानुवर्षे मार सोसला. १९८० साली मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध मुंबईतल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यातून स्त्री-अत्याचारविरोधी मंच उभा राहिला. त्या चळवळीत फ्लेवियाबाईंना आपला आवाज सापडला. त्यांनी आपली कहाणी स्वतःच्या नावाने लिहिली, संसारातून बाहेर पडल्या, कायदा शिकल्या, उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या आणि मधुश्री दत्ता यांच्यासह मजलिस ही संस्था काढली. ज्या कोर्टाच्या पायऱ्या एकटीने चढायला भीती वाटते, त्या पायऱ्यांवर गरीब स्त्रीच्या सोबत वकील बाई असावी, हे त्या संस्थेचे काम.

ख्रिस्ती स्त्रीला अशा सोबतीची गरज अधिकच होती. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा तसेच दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. नुसता मार हे कारण कायद्याला पुरत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली, आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. म्हणजे एकशे बत्तीस वर्षे आपल्या लेकीबाळी त्या कलमाखाली जगल्या.

"पण धर्म काय सांगतो?" असे मला अनेक आयांनी विचारले आहे. मलाही तीच शंका होती. म्हणून एका विद्वान धर्मगुरूंकडून मी समजून घेतले. विवाहाचा संस्कार अभंग आहे, ही श्रद्धा आपली सर्वांची आहे. परंतु १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ११५३ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की जोडीदारापासून आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते न्याय्य कारण आहे, आणि विलंबात धोका असेल तर पीडिताने परवानगीची वाट पाहण्याचीही गरज नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात आणखी पुढे जाऊन, हिंसेपासून दुर्बलाला व मुलांना वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असे मान्य केले. भारतातल्या बिशप मंडळाने २०१० साली स्त्री-पुरुष समतेचे धोरणच जाहीर केले. म्हणजे मी १९८८ साली त्या मुलीला जो उपदेश केला, तो ख्रिस्तसभेचा नव्हताच. तो माझ्या भित्रेपणाचा होता. मी त्याला धर्माचे वस्त्र नेसवले होते.

आपल्यातल्या आणखी एका स्त्रीचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाववत नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विभागप्रमुख होत्या. १९८९ साली त्यांनी तेथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. वीतभर बाळांना जगवताना त्यांनी पाहिले, की बाळ बरे होऊन घरी जाते आणि आजारी होऊन परत येते. कारण दुखणे घरात आहे. १९९९ साली त्यांनी स्नेहा ही संस्था स्थापन केली. पोषणाचे आणि आरोग्याचे काम करता करता ती संस्था घरातल्या हिंसेपर्यंत येऊन पोहोचली, कारण मार खाणारी आई बाळाला जपणार कशी? धारावीत स्नेहाच्या कामाचा कणा आहेत त्या वस्तीतल्याच बायका. त्यांना संगिनी म्हणतात. डॉक्टर बाईंची पदवी आणि गल्लीतल्या बाईची ओळख यांची तेथे जोड झाली.

या सर्व स्त्रियांचा विचार करताना मला एक गोष्ट दिसते. प्रेमाताईंनी भाकरीपासून सुरुवात केली, फ्लेवियाबाईंनी स्वतःच्या जखमेपासून, डॉ. फर्नांडिस यांनी पाळण्यापासून. वाटा निराळ्या, पण पीडित स्त्रीला उपदेश करण्याआधी त्या तिच्या शेजारी बसल्या, तिच्या हातात काहीतरी दिले आणि मगच पुढे चालल्या. कोणाला पासबुक दिले, कोणाला वकील दिली, कोणाला शेजारीण दिली. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना, पत्नीइतकाच आईला आणि बहिणीलाही लागू आहे; राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. असे कायदे दिल्लीत लिहिले जातात खरे, पण त्यांची पहिली ओळ अशाच कोणत्या तरी जिन्याजवळच्या खोलीत लिहिली गेलेली असते.

मावशी आता नाहीत. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत मी एकदा एका विद्यार्थिनीकडे गेले होते. एकविसावा मजला. खिडकीतून लालबागचा उड्डाणपूल खाली दोरीसारखा दिसत होता. घर सुरेख होते. दार लावले तसा बाहेरचा सारा आवाज थांबला, आणि मला एकदम भीती वाटली. चाळीत निदान ऐकू तरी येत असे. न ऐकण्यासाठी रेडिओ लावावा लागे. या जाड भिंतींपलीकडे काय चालले आहे ते ऐकू येणारच नाही. तेव्हा आता ऐकू येण्याची वाट पाहून चालणार नाही. विचारावे लागेल.

आमच्या धर्मग्रामात गेली काही वर्षे रविवारच्या ख्रिस्तयागानंतर महिला मंडळाची खोली उघडी असते. सूचनाफलकावर १८१ हा महिला मदतीचा क्रमांक लिहिलेला आहे. टेबलावर चहा आणि बिस्किटे असतात. बहुतेक रविवारी कोणी येत नाही. आम्ही दोघी-तिघी बसतो आणि उठतो. मधूनच एखादी दाराशी घुटमळते. आपल्या आजीचे औषध, मुलाची फी, असे काहीबाही विचारते आणि जायला निघते. मी खुर्ची पुढे करते. काय झाले, असे लगेच विचारत नाही. चहा ओतते आणि जेवलीस का, एवढेच विचारते. माझ्या शेजारी, उजव्या हाताला, ती बसलेली असते. बोलणे नीट ऐकू यावे म्हणून ती आपला डावा कान पुढे करते.